नागपुरात समुद्राचं पाणी आणायचं तर

२० लिटरचा कॅन समुद्राच्या पाण्याने भरला की त्याचं वजन साडेवीस किलो होतं. त्या साडेवीस किलोत क्षार असतात ते सातशे ग्रॅमच्या आसपास. बाकी सगळं पाणीच, आणि पाणी तर पेंच धरणातून आपल्या घरी रोज येतं.

हा हिशेब मी भाच्याला फोनवर सांगितला तेव्हा तो जरा वेळ गप्पच झाला. मनीषनगरच्या त्याच्या घरी गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन टँक आहेत, आणि ते तो फार चांगले सांभाळतो. आता त्याला मरीन टँक, म्हणजे समुद्रातल्या माशांचा टँक करायचा आहे: २०० लिटरचा, क्लाउनफिशची जोडी, थोडे दगड, नंतर जमलं तर कोळंबी. जानेवारीत मित्रांबरोबर कोकणात तारकर्लीला चालला आहे. "मामा, एवढ्या लांब जातोच आहे तर येताना पाणीच भरून आणतो ना. विकतच्या मिठात ते खऱ्या समुद्राचं काय येणार?"

त्याचा प्रश्न योग्य होता. विदर्भात मरीन टँक ठेवणारा प्रत्येक जण कधी ना कधी तिथे येतो. पण त्याचं उत्तर "आण" किंवा "आणू नको" एवढ्यात संपत नाही. समुद्राच्या पाण्यात नेमकं काय असतं हे कळलं की बाकीचे निर्णय आपले आपण घेता येतात. म्हणून आधी तेच.

एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतलं सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम आणि क्लोराइड १९.४ ग्रॅम, म्हणजे आपलं जेवणातलं मीठ. या दोघांचे मिळून तीस ग्रॅम झाले. उरलेल्या पाच ग्रॅमांत सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅमच्या आत-बाहेर, कॅल्शियम ०.४ ग्रॅम, पोटॅशियमही साधारण तेवढंच, आणि मग बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्रॉन्शियम, फ्लोराइड अशी अगदी थोडी थोडी मंडळी. टँकमधला जीव जगतो की मरतो, हे बरंचसं या पाच ग्रॅमांवर ठरतं. कोरल (प्रवाळ) आणि शिंपले आपला सांगाडा कॅल्शियम आणि कार्बोनेटचा बांधतात. मॅग्नेशियम कमी पडलं तर तोच कॅल्शियम पाण्यात टिकत नाही, चुन्यासारखा पंपावर आणि काचेवर बसतो. बायकार्बोनेट पाण्याचा पीएच ८.१-८.२ च्या आसपास धरून ठेवतं.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट पुढे आहे. समुद्र कुठे जास्त खारा, कुठे कमी, पण या मोठ्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जगभर जवळपास सारखंच असतं. अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांचे नमुने तपासून हे सुचवलं होतं. पुढे १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचं ब्रिटिश जहाज जगभरचे महासागर पालथे घालून आलं. त्याने आणलेल्यांपैकी ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये तेच पक्कं केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सावजी रश्श्यात दोन वाट्या गरम पाणी जास्त पडलं तर रस्सा पातळ होतो, तिखटपणा उतरतो, पण त्यातल्या धण्याचं मिऱ्याशी आणि मिऱ्याचं दगडफुलाशी जे नातं आहे ते बदलत नाही. समुद्राचं तसंच आहे. म्हणून आपण टँकमध्ये फक्त खारेपणा मोजतो आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतो. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, ३५ (किलोमागे ३५ ग्रॅम) दिसलं, किंवा २५ अंश तापमानाला विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत जडपणा, १.०२६ आलं, की मोठे क्षार जागेवर आहेत असं धरता येतं.

पण हे फक्त मोठ्या क्षारांचं. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, लोह ही जी जीव खातात आणि सोडतात ती मंडळी, त्यांचं प्रमाण जागोजागी आणि दर ऋतूला बदलतं. किनाऱ्यावरचं पाणी चांगलं की वाईट याचा निकाल त्यांच्यावर लागतो, आणि ती रिफ्रॅक्टोमीटरला दिसत नाहीत.

"मग खडेमीठ घालून करू का? तेही समुद्राचंच तर आहे," हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याला नीट जागा द्यायला हवी. मिठागरात काय होतं ते पाहा. भाईंदरचं मिठागर घ्या की उरणचं, भरतीचं पाणी वाफ्यात घेतात आणि उन्हात आटवतात. पाणी निम्म्यावर आलं की आधी चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खाली बसतो. पाचवा हिस्सा उरला की जिप्सम बसतं, म्हणजे कॅल्शियम आणि सल्फेट दोन्ही निघून जातात. दहावा हिस्सा उरतो तेव्हा कुठे मीठ धरायला लागतं. ते गोळा केल्यावर जे कडूजहर पाणी मागे राहतं त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असतं, आणि ते वेगळं काढून टाकतात. म्हणजे खडेमीठ समुद्रातूनच आलेलं असतं हे खरं, पण ते होताना आपल्याला हवे असलेले पाच ग्रॅम तीन वेगवेगळ्या ठिकाणी गळून गेलेले असतात. ते मीठ पुन्हा पाण्यात घातलं तर फक्त खारट पाणी होतं, समुद्र होत नाही. दळलेल्या मिठात तर वरून आयोडिन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली पूडही असते.

आपल्या विदर्भात तर याची दोन मोठी उदाहरणं आहेत. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आणि लोणारचं सरोवर. दोन्हीकडे पाणी खारं. पण लोणारच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचा भर आहे, पीएच दहाच्या आसपास जातो. समुद्रातला मासा त्यात सोडला तर तो लगेच मरेल. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी जमिनीतले क्षार घेऊन आलेलं, त्याचा मसाला पूर्ण वेगळा. मला एकाने अगदी मनापासून विचारलं होतं की गावाकडचं बोअरचं पाणी खारंच आहे, ते चालेल का? नाही चालणार. खारं असणं वेगळं, समुद्र असणं वेगळं.

आता समुद्राकडे जाऊ. नागपूरचा माणूस समुद्र म्हटलं की मुंबईच आठवतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, किंवा विदर्भ एक्सप्रेसची एक रात्र. पण नकाशावर सरळ रेघ ओढली तर आपल्याला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे. काकीनाडा आणि विशाखापट्टणम दोन्ही मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटरनी जवळ पडतात. आपलं पाणीही तिकडेच जातं: नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी समुद्राला. आपल्या शहरातल्या गटारांचं पाणीही त्याच वाटेने जातं, हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगायला हवं. कारण किनाऱ्यावरचं पाणी कशाने बिघडतं ते त्यातच आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या सगळ्या नद्या बंगालच्या उपसागरात पावसाळाभर गोडं पाणी ओततात. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आंध्रच्या किनाऱ्याजवळ वरच्या थराचा खारेपणा ३० च्याही खाली येतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तो पुन्हा चढतो. अरबी समुद्र त्या मानाने जास्त खारा, साधारण ३५-३६. पण कोकणातही जून ते सप्टेंबर धो धो पाऊस पडतो, आणि खाडीच्या तोंडाशी पाणी पावसाळ्यात निम्मं गोडं झालेलं असतं.

मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी गणपतीसाठी मुंबईला आत्याकडे गेलो होतो आणि अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी दादरच्या बाजूला सहा कॅन भरून घेतले. गाडीत सहा कॅन ठेवले याचाच आनंद झाला होता. ना पाऊस थांबला होता, ना विसर्जनाचा गाळ बसला होता. घरी येऊन मोजलं तर खारेपणा २७. मी त्यात मीठ घालून ३५ केलं आणि टँकमध्ये अर्धं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी क्लाउनफिश वर येऊन भराभर श्वास घ्यायला लागला. माशांना विषारी ठरणाऱ्या अमोनियाची टेस्ट किट घरात होती, पण मी पाणी ओतण्याआधी लावली नव्हती. चौथ्या दिवशी तो मेला. पाच वर्षांचा मासा होता, माझ्या हाताने खायचा. दोष ना समुद्राचा, ना गणपतीचा. पाणी कधी आणि कुठलं घ्यायचं हे मला माहीत नव्हतं.

म्हणून ही गोष्ट मी सगळ्यांना कळकळीने सांगतो: पाऊस पूर्ण थांबल्यावर निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. कोकणात डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. नदीचं तोंड, खाडी, बंदर, जेट्टी आणि नाला यांच्यापासून लांब, उघड्या समुद्राच्या बाजूची जागा हवी, शक्यतो खडकाळ टोक, जिथे लाट थेट आतून येते. जेट्टीजवळ डिझेलचा तवंग असतो हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की बोटींच्या तळाला शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यात तांबं असतं. मासा थोडं तांबं सोसतो, कोळंबी आणि कोरल सोसत नाहीत.

वेळ भरतीची. ओहोटीला खाडीचं आणि किनाऱ्याचं पाणी बाहेर वाहतं. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. भरती पूर्ण व्हायला तासभर उरला असेल तेव्हापासून ती पूर्ण होईपर्यंत कॅन भरावेत. आपल्याला नागपुरात भरतीची सवय नाही, पण कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक हिशेब आहे आणि तो मुंबईच्या बाजूला बऱ्यापैकी बरोबर येतो: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे, बाराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि तिथी काही घड्याळाला बांधलेली नाही. दिवसातली दुसरी भरती साडेबारा तासांच्या आत येते. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, ते नक्की बघा, पण हा हिशेब डोक्यात असला की कॅलेंडर बघून सहलीची तारीख ठरवता येते.

आणि पौर्णिमा-अमावास्या टाळा. त्या दिवसांत उधाण असतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि तेवढंच जोरात उतरतं, त्यात तळाचा गाळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, शांत असतं. तारकर्लीकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा कमी आहे, तरी भांगाचं पाणी तिथेही जास्त निवळ मिळतं.

आणखी एक. हिवाळ्यात कधी कधी रात्री लाटा फुटताना निळसर चमकतात आणि लोक बघायला गर्दी करतात. ते फार देखणं दृश्य आहे, जरूर बघा. पण त्या दिवसांत पाणी भरू नका. ते चमकणारे सूक्ष्म जीव पाण्यात बेसुमार वाढलेले असतात, त्यांच्या अंगात अमोनिया असतो, आणि कॅनमध्ये बंद झाले की ते मरतात.

कॅनबद्दल मी अगदी हट्टी आहे. खाण्याच्या वस्तूंसाठीचा पांढरा किंवा निळा प्लास्टिकचा कॅन, तळाला त्रिकोणात २ चा आकडा असलेला, नवा. तेलाचा जुना डबा नको, तेलाचा थर धुऊन जात नाही. आणि शेतात फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन तर कधीही नको, तो कितीही धुतला असला तरी. आपल्याकडे असे कॅन घरोघरी पाण्यासाठी वापरलेले दिसतात, आणि माशांसाठीच काय, माणसांसाठीही ते धोक्याचं आहे. नवा कॅन साबणाने धुऊ नका. साध्या पाण्याने विसळा, समुद्रावर गेल्यावर तिथल्याच पाण्याने दोनदा खळबळून ओता. मग कंबरभर पाण्यात उभं राहून, तोंड बंद ठेवून कॅन हातभर खाली न्या आणि तिथे उघडा. वरच्या थरात तवंग असतो, फेस असतो, सनस्क्रीन असतं, आणि पावसाचं गोडं पाणी हलकं असल्याने तेही वरच तरंगतं. हे काम एकट्याने करू नका. भरलेला कॅन लाटेत हातातून सुटतो आणि त्याच्यामागे माणूस जातो.

तिथून पाण्याशिवाय काहीही उचलू नका. खडकाचा तुकडा, जिवंत शंख, कोरलचा फाटा, काही नको. कठीण कोरल, सी फॅन आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि तारकर्लीशेजारचा मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी भरण्यासाठी अभयारण्याच्या हद्दीबाहेरची जागा शोधा.

आता प्रवास. मुंबईतला हौशी माणूस सकाळी पाणी भरतो आणि दुपारी टँकमध्ये ओततो. ताज्या पाण्यातले सूक्ष्म जीव जिवंत असतात, ते कोरलला खायला मिळतात, आणि तो त्याचा खरा फायदा असतो. आपल्याला तो फायदा नाही. तारकर्लीहून नागपूर हजारेक किलोमीटर. एवढ्या वेळात बंद कॅनमधले सूक्ष्म जीव मरायला लागतात, बॅक्टेरिया त्यांना खातात, खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया कामाला लागतात, जे सल्फेटवर जगतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर. त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. नळाचं पाणी बंद ठेवलं तर एवढं घाण होत नाही आणि समुद्राचं का होतं, त्याचं कारण हे. म्हणून भरतानाच गाळून घ्या, साबण न लावता धुतलेल्या मलमलीच्या चार पदरांतून किंवा फिल्टर सॉकमधून, म्हणजे गाळायच्या कापडी पिशवीतून. जितके जीव कमी आले तितकी सड कमी. कॅनला ऊन लागू देऊ नका, काठोकाठ भरू नका, थोडी हवा राहू द्या. घरी उघडल्यावर हलका मासळीचा वास आला तर घाबरू नका. सडक्या अंड्याचा वास आला आणि तळाला काळा गाळ दिसला तर ते पाणी मोरीत ओता. झाडांना घालू नका, त्या क्षारांनी मातीच खराब होते.

घरी आल्यावर दोन रस्ते आहेत. पहिला सोपा पण सबुरीचा: झाकण सैल करून कॅन तीन-चार आठवडे अंधाऱ्या, थंड जागी ठेवायचे. अंधारात शेवाळ वाढत नाही, मेलेले जीव बॅक्टेरिया संपवतात, मग खायला उरलं नाही की बॅक्टेरियाही कमी होतात, गाळ तळाला बसतो. माशांवर पांढरे ठिपके पाडणाऱ्या परजीवीची पोहणारी पिल्लं माशाशिवाय दोन-तीन दिवसही तग धरत नाहीत. त्याच्या कोशांना मात्र आठवडे लागतात, म्हणून घाई नको. मग वरचं पाणी नळीने काढून घ्यायचं, तळाचं दोन-तीन बोटं पाणी तसंच सोडायचं, आणि एअर पंप लावून दिवसभर हवा द्यायची. हे नागपूरच्या जानेवारीत छान जमतं. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते, तेव्हा हा रस्ता नको.

दुसरा रस्ता कोळंबीच्या हॅचरीवाल्यांचा, म्हणजे कोळंबीची पिल्लं तयार करणाऱ्यांचा: क्लोरिन. सुगंध नसलेलं साधं ब्लीच, पाच टक्क्यांचं असेल तर चार लिटर पाण्याला एक मिलिलिटर, जोरात हवा देत एक दिवस, आणि मग दुकानात अँटिक्लोर म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट घालून उरलेलं क्लोरिन मारायचं. क्लोरिनची टेस्ट शून्य दाखवेपर्यंत ते पाणी टँकजवळ नेऊ नका. यात सगळंच मरतं, चांगलं आणि वाईट. नवशिक्याने पहिला रस्ता धरावा असं माझं मत आहे.

टँकमध्ये ओतण्याआधी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट आणि खारेपणा मोजा. पहिले दोन शून्यच हवेत. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्याला आणून थांबू नका, वरच्या टोकाला तो चुकलेला असू शकतो. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी काट्यावर मोजून मिसळा. त्यावर त्याने समुद्राच्या पाण्याचा ३५ हा आकडा दाखवायला हवा. हे मिश्रण फक्त उपकरण जुळवायला, टँकसाठी नव्हे. तरंगता हायड्रोमीटर वापरत असाल तर पाणी गरम असताना तो आहे त्यापेक्षा कमी आकडा दाखवतो हे ध्यानात ठेवा, उन्हाळ्यात आपली फसगत तिथेच होते.

समुद्राचं पाणी आणलं की त्यातून चांगले बॅक्टेरिया येतात आणि टँक लवकर तयार होतो, असं खूप जण मानतात. माशांच्या अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत, ते दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात. पाणी कुठलंही असो, त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे द्यावेच लागतात.

आता तो पहिला हिशेब पुन्हा. २०० लिटरच्या टँकमध्ये दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर २० लिटर, म्हणजे आठवड्याला एक कॅन. वर्षाला ५२ कॅन, एक टनाहून जास्त वजन. ते तारकर्लीहून येणार नाही, काकीनाड्याहूनही नाही. उलट मरीन सॉल्ट मिक्स लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम लागतं. २० किलो मिठातून साडेपाचशे लिटर पाणी होतं. म्हणजे एका भरलेल्या कॅनच्या वजनात सत्तावीस कॅन. आणि त्या मिठात ते पाच ग्रॅम मोजून घातलेले असतात. नागपूरच्या माणसाने रोजच्या व्यवहाराला हेच वापरावं असं मी ठामपणे म्हणतो, आणि यात कमीपणा मुळीच नाही.

मात्र मिठाइतकंच पाणी महत्त्वाचं. पेंच किंवा कन्हानचं नळाचं पाणी क्लोरिन आणि स्वतःचे क्षार घेऊन येतं, बोअरचं तर त्याहून जड. आरओ हवाच. पण पिण्याच्या आरओमध्ये पाण्याला चव यावी म्हणून थोडे क्षार मुद्दाम मागे सोडतात. टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या पेनाने मोजा, आणि आरओच्या पुढे उरलेले क्षार धरून ठेवणारा डीआय रेझिनचा फिल्टर जोडून आकडा शून्यावर आणा. भांड्यात आधी पाणी, त्यात पावरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू, मग मीठ हळूहळू. उलटं केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर त्या थोड्या पाण्यात क्षार इतके दाट होतात की कॅल्शियम चुना होऊन पांढरा बसतो आणि पुन्हा विरघळत नाही. चोवीस तास फिरू द्या, मग मोजा.

नागपूरच्या उन्हाळ्याला वेगळा लेख लागेल, पण एक गोष्ट आत्ताच. पाणी उडतं, मीठ उडत नाही. मे महिन्यात २०० लिटरच्या टँकमधून रोज चार लिटर गेलं तर पाच दिवसांत १८० लिटर उरतं आणि खारेपणा ३५ वरून जवळजवळ ३९ वर जातो. हे कमी झालेलं पाणी नेहमी गोड्या आरओच्या पाण्याने भरायचं, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. पाण्यावर पंखा लावला तर कोरड्या हवेत टँक कुलरसारखा दोन-तीन अंश थंड होतो, पाणी मात्र त्याहून जास्त उडतं. मृग लागून हवा दमट झाली की तोच पंखा फारसं काही करत नाही.

भाच्याला मी शेवटी दोनच कॅन आणायला सांगितलं. टँक मिठाच्या पाण्यानेच भरायचा. एका कॅनचं पाणी अंधारात ठेवून, तपासून, मग त्यात मिसळायचं. दुसऱ्यातलं पेलाभर पाणी पोचल्या दिवशीच त्याच्या मुलीच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, कारण खऱ्या समुद्राचं जे विकतच्या मिठात येत नाही ते तिथे दिसतं: काचेच्या पेट्यांसारखे डायटम, झटके देत पोहणारे कोपेपॉड, एखादी खेकड्याची डोळेच डोळे असलेली अळी. उरलेल्या पाण्याचा खारेपणा मोजायचा आणि आपल्या मिठाच्या पाण्याशी ताडून बघायचा. तारखा बघून त्याने अष्टमीच्या जवळचा दिवस धरला आहे. कॅनवर मार्करने जागा, तारीख, तिथी आणि पाणी भरल्याची वेळ लिहून आणायला मी त्याला बजावलं आहे.